सातव्या पानावरचा देश

ज्या दिवशी आमच्या दैनिकात शेजारच्या देशाची बातमी नसते, त्या दिवशी शेजारचा देश नसतो.

नसतो म्हणजे नदीच्या पलीकडे काही नसतं. पूल निम्म्यापर्यंत जातो आणि पुढे नुसतं पांढुरकं मोकळं रान दिसतं. बातमी आली की देश येतो. केवढा येतो, ते बातमीच्या आकारावर आहे. एक कॉलम असेल तर पलीकडचा घाट, त्यावरचा पार आणि बाजारपेठेचा पहिला चौक, एवढंच. चार कॉलम असेल तर तिथून राजधानीची बस सुटते. आठ कॉलम आली तर मागचे डोंगरसुद्धा दिसतात, आणि आमच्या पांढरघाटची माणसं डबे भरून नातेवाइकांकडे निघतात. पहाटे स्टँडवर अंकांचे गठ्ठे पडले की त्या दिवसाचं जे काही असेल ते लागू होतं.

'दैनिक तीरवार्ता'चं सातवं पान मी बघतो. परदेशच्या बातम्या तिथे असतात. त्यामुळे गावाचा समज असा, की देश माझ्या खिशात आहे. केस कापायला बसलो तरी मानेवर वस्तरा ठेवून न्हावी विचारतो, "वाळिंबेसाहेब, रविवारी देश आहे का? मेव्हण्याकडे जायचं होतं." मी काय सांगणार? आमचे संपादक मिराशी साहेब यांचा नियम पक्का आहे. शेजारच्या देशाची बातमी फक्त तिथे राजकीय पेचप्रसंग असेल तरच घ्यायची.

"वाळिंबे," ते म्हणतात, "शेजाऱ्याकडे भांडण झालं की आपण खिडकी उघडतो. शेजाऱ्याकडे वरणभात झाला म्हणून उघडतो का?"

यावर मला आजवर उत्तर सुचलेलं नाही. सुचलं असतं तरी साहेबांनी ते कापून दोन ओळींचं केलं असतं.

तेव्हा तिथलं सरकार पडलं की आमच्या गावात पेढे वाटतात. त्यात दुष्टावा काडीचा नसतो. कुणाची मावशी भेटणार असते, कुणाचं अडलेलं लग्न लागणार असतं. पाठिंबा काढून घेण्याच्या नुसत्या बोलण्यावर लोक रव्याचे लाडू वळायला घेतात.

आणखी एक आहे. आम्ही जसं लिहू तसा तिथला दिवस जातो. 'घडामोडींना वेग' असं छापलं की तिथली माणसं दिवसभर धावत असतात, कुठे ते त्यांनाही माहीत नसतं. 'तणावपूर्ण शांतता' छापली की सगळे ओठ मिटून, मुठी आवळून ओट्यावर बसून राहतात. शिवाय आमच्याकडे त्या देशाचा फोटो एकच आहे, चौकात जळणाऱ्या टायरचा. दर वेळी तोच जातो. त्यामुळे पलीकडच्या पहिल्या चौकात एक टायर कायम जळत असतो. त्यावर एक बाई कणसं भाजून विकते. कणसांना जरा रबराचा वास येतो, पण खपतात.

आमच्या जाहिरात विभागाच्या प्रमुख कुमुदताई वैरागकर यांची एकुलती एक मुलगी निशिगंधा त्याच चौकात दिली आहे. निशी आमच्या कचेरीत वाढली. शाळा सुटली की ती माझ्या टेबलाखाली बसून कच्च्या प्रुफांच्या मागे चित्रं काढायची आणि मिराशी साहेबांकडून गणितं सोडवून घ्यायची. साहेबांची गणितं चुकायची आणि तिला शाळेत छड्या बसायच्या, पण तिने साहेबांचं नाव कधी सांगितलं नाही. पलीकडे आघाडी फुटली होती तेव्हा महिनोन्महिने देश आठ कॉलम होता. त्या काळात विनायकराव नावाचा टपाल खात्यातला एक सज्जन मुलगा तिला भेटला आणि लग्न झालं. पलीकडची माणसंही मराठीच बोलतात, फक्त जरा घाईघाईत.

लग्न झालं आणि मुलगी तिकडची झाली. आमच्याकडे सगळ्यांच्याच मुली लग्नानंतर तिकडच्या होतात, पण इथे त्याला फार अर्थ आहे. तिकडचं माणूस अलीकडे मुक्कामाला राहिलं आणि दुसऱ्या दिवशी बातमी नसली, तर ते माणूस देशाबरोबर जातं. एक कापडाचा व्यापारी लॉजवर दात घासताना गेला, तो थेट पुढच्या अविश्वास ठरावाला तोंडात फेस घेऊन परत आला. उलट अलीकडचं माणूस पलीकडे राहिलं, तर पहाटे रिकाम्या रानात उभं सापडतं आणि त्याला होडी घालून आणावं लागतं.

म्हणून निशीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही कुमुदताईंची इच्छा पहिल्या दिवसापासूनच अडचणीत होती. त्यात दिवसांची भानगड. देश नसतो तेव्हा तिथल्या माणसांचा काळही नसतो. त्यांच्या लेखी एका पेचप्रसंगाला लागूनच पुढचा पेचप्रसंग येतो. आमच्याकडे मधे आंबे येऊन जातात, दिवाळी होते, माणसं निवृत्त होतात. निशीला दिवस राहिले ती गोड बातमी कळली तेव्हा कुमुदताईंच्या केसांत थोडी काळी बट शिल्लक होती. त्यानंतर मेलं पलीकडे स्थिर सरकार आलं. निशीचा नववा महिना आमच्याकडची दोन वर्षं चालला.

"चांगलं चाललंय म्हणे त्यांचं," कुमुदताई चहाचा कप बोटांनी गरम करत म्हणायच्या. "रस्ते केले, शाळा उघडल्या. आता बसा."

त्यांचा राग कुणावर होता ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मला मात्र त्यांच्याकडे बघवत नसे. त्या दरवर्षी एक झबलं शिवायच्या आणि मागच्या वर्षीचं कुणाला तरी देऊन टाकायच्या.

अशात एका सोमवारी तिथल्या एका मंत्र्याने राजीनामा दिला. लहान खातं होतं, पण राजीनामा तो राजीनामा. मी साहेबांकडून एक कॉलम मिळवला. मंगळवारी सकाळी पलीकडचा घाट, पार आणि पहिला चौक जागच्या जागी होता. कुमुदताईंनी रजा टाकली, डिंकाच्या लाडवांचा डबा माझ्या हातात दिला आणि आम्ही पूल ओलांडला.

निशीचे नऊ महिने भरत आले होते. पाय सुजलेले, चेहरा ओढलेला. आईला बघून ती रडली आणि मग आईच्या केसांकडे बघून पुन्हा रडली.

"गेल्या आठवड्यात तर एवढे पांढरे नव्हते गं," ती म्हणाली.

"कलप लावायचा कंटाळा," कुमुदताई म्हणाल्या. "तू पाय वर घे आधी."

बाहेर मोर्चा चालू होता. मीच आदल्या दिवशी 'राजीनाम्याचे तीव्र पडसाद' असं लिहिलं होतं, त्यामुळे माणसं घसा खरवडून ओरडत होती. विनायकराव खिडक्या लावत फिरत होते. निशीने मला जवळ बसवलं.

"काका, मी ह्यांना सांगते, आमच्या गावात कधी कधी दुपारी काहीच होत नसे. मांजर झोपायचं, नळाला पाणी नसायचं, बस. ह्यांना पटतच नाही. हे म्हणतात, काहीच झालं नाही तर दिवस झाला हे कळतं कसं?" ती हसली आणि पोटावर हात ठेवून थांबली. "मला बाळाला असा एक दिवस द्यायचाय. पहिला तरी. नुसता साधा. तो इथे कुणालाच मिळत नाही हो."

मी बाहेरच्या घोषणा ऐकत बसलो. वीसेक वर्षं मी त्या देशाविषयी लिहितो आहे. तिथल्या एका माणसाच्याही आयुष्यात साधी दुपार नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला मनापासून लाज वाटली. मी लाडू न खाताच कचेरीत आलो.

संध्याकाळी दोन गोष्टी एकदम झाल्या. मंत्र्याने राजीनामा मागे घेतल्याची तार आली, आणि पलीकडून कुमुदताईंचा फोन आला.

"वाळिंबे, पाणी गेलंय तिचं. कळा येतात आणि थांबतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, उजाडेल." त्यांनी श्वास घेतला. "उद्याची बातमी मोठी आहे ना?"

मी तारेकडे पाहिलं. पेच मिटला होता. उद्या बातमी नाही, म्हणजे पहाटे देश नाही. निशी अर्ध्या कळेत जाणार, आणि कुमुदताई रिकाम्या रानात, हातातला हात नाहीसा होऊन, उभ्या राहणार. पुढच्या पेचप्रसंगी, दोन वर्षांनी की पाच, तीच कळ पुढे सुरू होणार. तेव्हा कुमुदताई कुठे असतील, कशा असतील, कुणी सांगावं.

"ताई," मी म्हणालो, "उद्या सातव्या पानावर साड्यांच्या दुकानाची पानभर जाहिरात आहे."



"मीच घेतलीय ती," कुमुदताई म्हणाल्या. "जाहिरातीला हात लावायचा नाही, वाळिंबे. शब्द दिलाय मी त्यांना. बाकी काय ते तुम्ही बघा." आणि मग अगदी हळू, "बघाल ना?"

मी मिराशी साहेबांच्या खोलीत गेलो. ते अग्रलेख लिहीत होते. साहेबांनी अग्रलेख कधीच चुकवलेला नाही. स्वतःच्या लग्नादिवशीही लिहिला होता, आणि तो लग्नातल्या वायफळ खर्चावर होता. मी सगळं सांगितलं.

"राजीनामा मागे घेतला ना? मग पेच संपला," ते वर न बघता म्हणाले. "बातमी नाही."

"साहेब, निशी अडलीय."

"ती खाजगी बाब आहे. मला वाईट वाटतं. पण नियम आहे."

एरवी मी वाद घालत नाही, पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "साहेब, तिने तुमच्या चुकलेल्या गणितांबद्दल छड्या खाल्ल्या आहेत. तेव्हा नियम कुठे होता?"

साहेबांचं पेन थांबलं. त्यांना छड्यांचं माहीतच नव्हतं, हे मला त्यांचा चेहरा पाहून कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सातव्यावर जागा नाही," ते म्हणाले.

"नाही."

"बाकी पानं?"

"भरली. राशिभविष्य कापलं तर लोक अंगावर येतील."

साहेबांनी समोरचा अर्धा झालेला अग्रलेख उचलला. तो भटक्या कुत्र्यांवर होता. त्यांनी तो एकदा वाचून पाहिला आणि टोपलीत टाकला.

"अग्रलेखाच्या जागी बातमी जाईल. दोन कॉलम, वरपासून खालपर्यंत. लिहून आणा."

मी धावत टेबलाशी गेलो आणि हाताला सवय होती ते लिहिलं: 'शेजारच्या देशात घडामोडींना वेग आला असून श्रीमती निशिगंधा यांच्याबाबत सस्पेन्स कायम आहे. येते काही तास निर्णायक ठरणार असल्याचे विश्वसनीय सूत्रांकडून समजते. घाटाच्या चौकात तणावपूर्ण शांतता आहे.'

साहेबांनी वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला.

"वाळिंबे, तुम्ही हे सगळं त्या पोरीला उद्या भोगायला लावणार?"

त्यांनी लाल पेन घेऊन 'वेग' खोडला, 'सस्पेन्स' खोडला, 'निर्णायक' खोडला, 'सूत्र' खोडलं. शेवटी 'तणावपूर्ण' खोडलं. कागदावर 'शांतता आहे' एवढंच उरलं. त्याच्याकडे आम्ही दोघं पाहत बसलो. त्या देशाबद्दल याच्यापुढे काय लिहायचं, ते दोघांनाही येत नव्हतं.

"फोन लावा," साहेब म्हणाले. "विचारा, तिकडे आत्ता काय चाललंय."

मी फोन लावला. कुमुदताई चिडल्या. "काय चालायचंय? ती कण्हतेय."

"ताई, ते सोडून. बाहेर काय आहे?"

"बाहेर? मोर्चा संपला. दुकानं बंद करतायत."

"विचारा, वेळेवर का?" साहेब म्हणाले.

"वेळेवरच की."

"विचारा, जेवायला काय केलंय लोकांनी."

"साहेबांना म्हणावं, भात आणि फोडणीचं वरण. शेजारून वास येतोय." आणि मग कुमुदताईंचा आवाज एकदम बदलला. त्या शहाण्या आहेत, त्यांना कळलं. "थांबा, खिडकीतून नीट बघून सांगते. समोरच्या काकू तुळशीला दिवा लावतायत. जावईबापूंनी पाणी तापवलंय. निशीच्या सासूबाई तिच्या पायांना तेल चोळतायत. वारा बरा आहे."

साहेब एकेक वाक्य स्वतःच्या हाताने लिहीत होते. भलतेच हळू लिहीत होते. 'काल संध्याकाळी शेजारच्या देशात शांतता होती. घाटाच्या चौकातील दुकाने वेळेवर बंद झाली. बऱ्याच घरांत भात आणि फोडणीचे वरण होते.' असं करत करत त्यांनी दोन कॉलम भरले. निशी बाळंत होणार आहे, आई, सासूबाई आणि डॉक्टरीणबाई जवळ आहेत, हेही त्यात आलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'सर्व काही ठीक आहे.'

"साहेब, हे शेवटचं वाक्य बातमी नाही," मी म्हणालो. "ते मत झालं."

"अग्रलेखाची जागा आहे," साहेब म्हणाले. "एवढं एक मत चालेल. आणि फोटो नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब माझ्या दारात उभे होते. इतक्या वर्षांत ते पलीकडे कधी गेले नव्हते. पुलावरून पाहिलं तर देश होता. दोन कॉलमचा, अरुंद, पण लांबच लांब, घाटापासून थेट डोंगरापर्यंत. चौकात टायर नव्हता. तो जळायचा त्या काळ्या डागावर एक कुत्रं झोपलं होतं, आणि कणसांची बाई चूल मांडत होती. मोर्चातली माणसं सवयीने जमली होती. त्यांना काय ओरडायचं ते आठवत नव्हतं. थोडा वेळ ती नुसती उभी राहिली, मग एकाने दुसऱ्याला त्याच्या आईची तब्येत विचारली.

निशीच्या घराची सगळी खिडक्या-दारं उघडी होती. मुलगी झाली होती, उजाडताना. निशी भिंतीला टेकून बसली होती, थकलेली आणि लख्ख. कुमुदताई तिच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी निशीचा हात अजून सोडला नव्हता. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली, आणि मी अंगणात जाऊन आलो. परत आलो तर बाळ साहेबांच्या मांडीवर होतं. गरम भांडं धरावं तसं त्यांनी ते धरलं होतं.

"किती वाजले?" विनायकरावांनी विचारलं. ते मघापासून दारातून आत आणि आतून दारात करत होते.

"बारा होतील."

"म्हणजे दुपार झाली. काहीच होत नाहीये." त्यांनी घाबरून निशीकडे पाहिलं. "आता काय करायचं असतं?"

"झोपायचं असतं," निशी म्हणाली.

विनायकरावांनी जरा विचार केला, सतरंजी घेतली आणि ओसरीवर आडवे झाले. थोड्या वेळाने ते खरंच घोरू लागले. निशी त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिली.

कुमुदताई बाळाचं दुपटं घडी करत होत्या. घडी झाली तरी पुन्हा उलगडून घडी करत होत्या.

"बारसं बाराव्या दिवशी करतात आपल्यात," त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "आमच्याकडच्या बाराव्या दिवशी म्हणतेय मी. मग सहाव्या महिन्यात उष्टावण." त्या थांबल्या. "मी सदुसष्टची आहे, साहेब. तिकडचं सरकार फार चांगलं चाललंय."

साहेब बाळाकडे बघत होते. बाळाने त्यांचं बोट धरलं होतं.

"अग्रलेख तसाही कोण वाचतं," ते म्हणाले. "वाळिंबे, कागद काढा. उद्याचं इथेच लिहून टाकू."

मी कागद काढला आणि खिडकीपाशी बसलो. काय काय घ्यायचं ते मला आता जरा समजू लागलं होतं. विनायकराव झोपल्याचं घ्यायचं होतं, चौकातल्या विचारपुशीचं घ्यायचं होतं. पण आधी मी वरच्या ओळीत लिहिलं, 'शेजारच्या देशात आज एका मुलीचा पहिला दिवस आहे.'

साहेबांनी बाळाला न हलवता मान वाकडी करून ते वाचलं.

"हे उद्या छापून येणार, वाळिंबे," ते म्हणाले. "दुसरा करा."

मी 'पहिला' खोडून 'दुसरा' लिहिलं.